एका गल्लीत दोन बिशप

उर्दूत चर्चला ‘गिरजा’ म्हणतात आणि तिथल्या धर्मगुरूला ‘पादरी’. माझ्या वर्गातल्या मुलांना हे दोन्ही शब्द अस्सल उर्दू वाटतात. प्रत्यक्षात ते पोर्तुगीज आहेत. ‘इग्रेजा’चा गिरजा झाला आणि ‘पाद्रे’चा पादरी. मराठीनेही पाद्री, पाव, पगार आणि नाताळ हे शब्द त्याच दुकानातून उचलले. आमच्या बिरसीला समुद्र नाही, बंदर नाही. बाहेरच्या साम्राज्याची इथली मोठी खूण म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी. तरीही इथल्या मुलाच्या तोंडी लिस्बनचे शब्द आहेत.

शब्द आले तसा एक समजही आला. पोर्तुगीज म्हणजे पोप, पोप म्हणजे पोर्तुगीज, आणि क्रॉस व तलवार एकाच हातातली, असा तो समज. मुसलमानांच्या मनात तो पक्का होण्याला सबळ कारण होते. सोळाव्या शतकात सुरतेहून हजला जाणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. त्यावर हजरत ईसा आणि बीबी मरियम यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क यांनी या कारणाने, आणि खुष्कीच्या मार्गावरच्या अडचणींमुळे, हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हज फर्ज उरत नाही असे मत दिल्याची नोंद बदायुनी करतो. ज्या कागदावर सरकारी शिक्का आणि धर्माचे चित्र एकत्र छापलेले आहे, तो हातात घेणाऱ्याने राजा आणि पोप यांच्यात फरक तरी कसा करावा?

पण फरक होता. तो इतका खोल होता की त्यापायी मुंबईच्या गल्ल्यांत सव्वाशेहून अधिक वर्षे एकाच धर्माचे, एकाच पंथाचे, एकाच पोपला मानणारे लोक दोन वेगवेगळ्या बिशपांखाली राहिले. त्यांचा कलमा एक, किताब एक, सण एक. पण देऊळ कोणाच्या ताब्यात, लग्न कोणी लावायचे, मयत कोणी दफन करायची, यावरून भांडण. आणि ते मिटले ते धर्मसभेत नव्हे, तर रोम आणि लिस्बन यांच्या राजनैतिक टेबलावर. मुंबईचे हे प्रकरण आपल्या शालेय पुस्तकांत येत नाही. तिथे फक्त ‘मुंबई आंदण मिळाली’ एवढे एक वाक्य असते.

मूळ गोष्ट पंधराव्या शतकातली. समुद्रमार्ग शोधणाऱ्या पोर्तुगालच्या राजांना पोपांनी एकामागून एक फर्माने दिली. १४५५, १४५६ आणि मग १५१४. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिला ‘पाद्रोआदो’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर चर्चवरचा राजाचा आश्रयदातेपणाचा हक्क. राजाने चर्च बांधायची, पाद्र्यांना जहाजातून न्यायचे, बिशपांना पगार द्यायचा. बदल्यात बिशप कोण होणार ते राजा ठरवणार आणि पोप त्यावर मोहोर उठवणार. पूर्वेकडे जाणारा प्रत्येक मिशनरी, मग तो इटालियन असो की जर्मन, लिस्बनच्या परवानगीनेच निघणार. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, १५३० च्या दशकात तिथे बिशपपीठ झाले आणि पुढे ते आर्चबिशपपीठ झाले. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई आणि आसपासची बेटे देऊन टाकली, त्यात मुंबईही होती. अशा रीतीने इथले कोळी, भंडारी, कुणबी, जे ख्रिस्ती झाले ते सगळे, गोव्याच्या आर्चबिशपाखाली आणि पर्यायाने लिस्बनच्या राजाखाली आले.

राजा बलवान होता तोवर रोमला ही सोय वाटली. सतराव्या शतकात डचांनी पोर्तुगीजांचे किल्ले घ्यायला सुरुवात केली, तिजोरी आटली, बिशपांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहू लागल्या. राजा स्वतः माणूस पाठवू शकत नव्हता आणि दुसऱ्याने पाठवलेला त्याला चालत नव्हता. तेव्हा १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसाराचे स्वतःचे खाते उघडले, ‘प्रोपगांडा फिदे’. आज ‘प्रोपगांडा’ म्हणजे खोटा प्रचार असा अर्थ आपण घेतो, तो शब्द याच खात्याच्या नावातून आला. रोमने आता राजाला बाजूला ठेवून थेट आपली माणसे पाठवायचे ठरवले. त्यांना पूर्ण बिशप म्हटले तर राजाचा हक्क मोडतो, म्हणून त्यांना ‘व्हिकार अपोस्टोलिक’, म्हणजे पोपचा नायब, असे नाव दिले. ही मखलाशी मला मोठी गमतीची वाटते. कायद्याला हात न लावता कायदा बाजूला सारण्याची कला फक्त आपल्याच कचेऱ्यांत आहे असे नाही.

या योजनेतला पहिला भारतीय माणूस विसरण्यासारखा नाही. मातेउस द कास्त्रो हे गोव्याच्या दिवाडी बेटावरचे, ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातले. गोव्यात त्यांना दीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले, तिथे शिकले, पाद्री झाले आणि १६३७ मध्ये पोपने त्यांना बिशप केले. भारतातून झालेले लॅटिन पंथाचे ते पहिले बिशप. त्यांना नेमणूक मिळाली ‘इदलकान’ची. पोर्तुगीज कागदांतला हा इदलकान म्हणजे आपला आदिलखान, विजापूरचा आदिलशहा! गोव्याच्या आर्चबिशपाने त्यांची कागदपत्रे मानायला नकार दिला. तेव्हा ते डिचोलीला राहिले, कारण डिचोली त्या वेळी आदिलशाहीत होती. पोर्तुगालच्या कॅथलिक राजाच्या मुलखात पोपने नेमलेल्या कॅथलिक बिशपाला थारा नव्हता. तो मिळाला एका मुसलमान बादशहाच्या अमलाखाली. तिथून त्यांनी स्थानिक तरुणांना दीक्षा दिली, पोर्तुगीज पाद्र्यांच्या वर्णगर्वावर कठोर लिहिले आणि आदिलशहाला गोव्यावर चालून येण्यास चिथावल्याचा आरोपही ओढवून घेतला. आरोपात किती तथ्य होते यावर वाद आहे. शेवटी ते रोमला परतले आणि तिथेच वारले. त्यांची जागा मात्र उरली. पुढे तिचे नाव ‘ग्रेट मोगल’चे व्हिकारिएट असे झाले आणि त्यातूनच नंतर मुंबईचे पीठ निघाले. मुंबईच्या आजच्या आर्चबिशपपदाची वंशावळ मागे नेली तर ती विजापूरच्या दरबारापाशी जाऊन थांबते.

आता मुंबई. १६६१ च्या विवाह-तहाने हे बेट इंग्लंडच्या चार्ल्स राजाला मिळाले, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा दिला गेला आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. कॅथलिक रयतेला आपला धर्म पाळू दिला जाईल असे तहात लिहिले होते. पण पाद्री कोणाचे? ते तर गोव्याच्या आर्चबिशपाचे, म्हणजे शेजारच्या वसई-साष्टीत तळ ठोकून बसलेल्या परक्या राजाचे. कंपनीला हे खुपत होते. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याने पोर्तुगीज पाद्र्यांना बेटाबाहेर घालवले आणि रोमने पाठवलेल्या इटालियन कार्मेलाइट व्हिकार अपोस्टोलिकाच्या हाती चर्च दिली. प्रॉटेस्टंट गव्हर्नरने पोपच्या माणसाला बोलावून आणावे, तेही पोपच्याच दुसऱ्या माणसाला हाकलण्यासाठी! रोमला मुंबईत पाय ठेवायला जागा मिळाली ती इंग्रजांच्या पोर्तुगीज-भयामुळे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि ते भय ओसरले. मग लिस्बनच्या आग्रहावरून १७८९ मध्ये कंपनीने चर्च गोव्याला परत दिली. १७९१ मध्ये पुन्हा काढून कार्मेलाइटांना दिली. दोन्हीकडच्या लोकांनी अर्जांवर अर्ज केले, तेव्हा १७९४ मध्ये बेटावरच्या चार जुन्या चर्चची दोन-दोन अशी वाटणी झाली. एका मालमत्तेचे भावाभावांत होते तसे.

इथून पुढे जे सुरू झाले त्याला चर्चच्या इतिहासात ‘दुहेरी अधिकार’ म्हणतात. त्याची हद्द जमिनीवर आखलेली नव्हती, ती माणसांवर होती. एकाच गल्लीतल्या दोन घरांपैकी एक गोव्याच्या बाजूचे, एक रोमच्या बाजूचे. मुलगी एकीकडची, मुलगा दुसरीकडचा, तर लग्न कोणत्या रजिस्टरात लिहायचे? एकाने लावलेले लग्न दुसऱ्याला वैध वाटेलच याची खात्री नव्हती. आपल्याकडे मशिदीच्या कमिटीचा मसला वक्फ बोर्डापर्यंत गेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना असल्या भांडणात दुवा-सलाम कसा तुटतो हे वेगळे सांगायला नको.

माहीमला याचा कडेलोट झाला. हजरत मखदूम फकीह अली माहिमींच्या दर्ग्यामुळे माहीम आपल्याला परिचित आहे. तिथून जवळच सेंट मायकल चर्च आहे, जिथे आज बुधवारच्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. १७९४ च्या वाटणीत ते रोमकडे गेले होते. १८५३ मध्ये तिथल्या लोकांपैकी गोव्याच्या बाजूच्या गटाने ते आपल्याकडे मागितले. त्या वेळचे व्हिकार अपोस्टोलिक अनास्तासिउस हार्टमान हे स्वित्झर्लंडचे कापुचिन साधू, हट्टी आणि विद्वान. त्यांच्याच काळात, १८५० मध्ये, ‘एक्झामिनर’ हे कॅथलिक साप्ताहिक सुरू झाले. ताबा जाऊ नये म्हणून ते स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले. बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा. बिशप आत, त्यांच्याच धर्माचे लोक बाहेर, आणि मध्ये इंग्रज पोलीस! अखेर सरकारी हस्तक्षेपाने चर्च पाद्रोआदोवाल्यांना मिळाले. हार्टमान यांच्या अनुयायांनी हाकेच्या अंतरावर दुसरे चर्च उभे केले, ते व्हिक्टोरिया चर्च. दोन्ही आजही उभी आहेत. माहीमच्या वाटेने जाणाऱ्याला एवढ्या जवळ-जवळ दोन कॅथलिक चर्च का, हा प्रश्न पडत असेल तर उत्तर हे आहे.

या भांडणात बरोबर कोण, हे ठरवायला गेले की माणूस गोंधळतो. रोमचा पक्ष सुरू झाला तो मातेउस द कास्त्रोंसारख्या काळ्या माणसाला बिशप करण्यापासून. पण एकोणिसाव्या शतकात मुंबईत रोमच्या बाजूने उभे होते ते इटालियन, स्विस आणि नंतर जर्मन मिशनरी. आणि ज्या परक्या राजाचा पाद्रोआदो होता, त्याच्या बाजूने उभे होते ते गोव्याचे देशी पाद्री. रोमचा विजय झाला तर आपली जागा युरोपियन साधूंना जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. परक्या राजाच्या निशाणाखाली आपली माणसे, आणि धर्माच्या निशाणाखाली परकी. म्हणून या लढ्याला देशी विरुद्ध विदेशी असे सोपे नाव मला देता येत नाही. जे देतात त्यांनी अर्धीच गोष्ट वाचलेली असते.

वर राजनीती चालूच होती. १८३४ मध्ये पोर्तुगालने आपल्या देशातले मठ बंद केले, रोमशी संबंध तुटले. १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी भारतातल्या काही बिशपपीठांवरचा पोर्तुगालचा अधिकार काढून घेणारे फर्मान काढले. गोव्याच्या पाद्र्यांनी ते मानले नाही. राजाची संमती नसलेले फर्मान लागू होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. रोमच्या पक्षाने त्यांना ‘गोव्याचे फुटीर’ म्हटले. म्हणजे ज्या चर्चने पुढे इतर पंथीयांशी संवादाची भाषा केली, ते त्या काळात आपल्याच लोकांना फुटीर ठरवण्यात गुंतलेले होते. १८५७ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. पोप आणि एखादे राज्य यांच्यातल्या अशा तहाला ‘कॉन्कोर्डाट’ म्हणतात. त्याची अंमलबजावणी अर्धवटच राहिली. मग २३ जून १८८६ रोजी दुसरा करार झाला. गोव्याच्या आर्चबिशपाला ‘पूर्वेचा पॅट्रिआर्क’ हा मोठा किताब मिळाला आणि भारतभरचा मोठा अधिकार गेला. मुंबईला रोमचे आर्चबिशपपीठ झाले. वसई, साष्टी, ठाणे आणि मुंबईतली पाद्रोआदोची चर्च मिळून दमणचे वेगळे बिशपपीठ केले गेले, ते लिस्बनच्या पसंतीचे. त्यामुळे मुंबईतल्या गल्ल्या होत्या तशाच दुभंगलेल्या राहिल्या. फक्त आता त्या दुभंगाला तहाचा आधार मिळाला.

यात वसई-साष्टीच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला आणि कोळ्याला कोणी विचारले होते काय? त्याची घरची बोली मराठी. त्याचा देश कधी पोर्तुगीजांचा, कधी पेशव्यांचा, १७७४ नंतर साष्टी इंग्रजांची. लोक मात्र त्याला सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत. दुसऱ्या करारानंतर वर्षभरातच, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, मुंबईत ‘ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि या मूळच्या लोकांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण निराळे, इंग्रज सरकारचे जुने रयत, हे ठसवण्यासाठी. नाव इंग्रजी, मालक इंग्रज, भाषा मराठी. बाहेरच्यांनी दिलेली ओळख झटकायला दुसऱ्या बाहेरच्याचे नाव घ्यावे लागले. याला कोणी हसेल. मला हसू येत नाही. अल्पसंख्य माणसाची ओळख बरेचदा दुसऱ्याच्या रजिस्टरात लिहिली जाते.

या कराराने एका माणसाचे आयुष्यच पालटले. आंतोनियु फ्रांसिस्कु शाव्हियेर आल्व्हारिश यांचा जन्म १८३६ मध्ये गोव्याच्या वेर्णा गावी झाला. कॅथलिक पाद्री, वृत्तपत्रांचे संपादक, सरकार आणि आर्चबिशप दोघांवर सारखेच कोरडे ओढणारे. १८८६ च्या करारात देशी पाद्र्यांचा सौदा झाला असे मानणाऱ्यांत ते होते. त्यांनी रोमशी नाते तोडले, पण ख्रिस्ती धर्म सोडला नाही. केरळमध्ये पोपला न मानणारे, सिरियाच्या अंत्योखच्या परंपरेतले, प्राचीन मलंकारा चर्च आहे. त्याने २८ जुलै १८८९ रोजी कोट्टायमला त्यांना ‘मार ज्युलियस’ या नावाने गोवा, सिलोन आणि भारताचे महाधर्माध्यक्ष केले. तीन वर्षांनी कोलंबोला त्यांनी रने व्हिलात या फ्रेंच वंशाच्या, अमेरिकेतून आलेल्या पाद्र्याला बिशप केले, आणि त्या एका दीक्षेतून युरोप-अमेरिकेत स्वतंत्र चर्चच्या कितीतरी शाखा निघाल्या. वेर्ण्याच्या माणसाचा हात इतका लांब पोहोचला.

गोव्यात परतल्यावर त्यांचे हाल झाले. १८९५ मध्ये त्यांना अटक झाली, अंगावरचा बिशपचा वेष उतरवून पणजीच्या रस्त्यातून नेण्यात आले. खटला झाला, गुन्हा सिद्ध झाला नाही. नंतरची वर्षे त्यांनी पणजीतल्या निराधारांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी घालवली. त्यांच्या पोटासाठी ते स्वतः दारोदार भीक मागत. पटकीवर उपाय सांगणारी पुस्तिका त्यांनी लिहिली होती. जुन्या चर्चमध्ये परत या, म्हणून निरोप येत राहिले. ते गेले नाहीत. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात ते वारले. अंत्ययात्रेला गोरगरिबांची रीघ लागली. दफन मात्र सांत इनेजच्या दफनभूमीत एका बाजूला, चर्चच्या प्रार्थनेशिवाय झाले. आपल्याकडे मयतीच्या नमाजाला कोण उभा राहिला आणि कोण नाही, हे लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. तिथेही ठेवले गेले असणार.

मुंबईकडे परत येऊ. पहिल्या महायुद्धाने आणखी एक गाठ मारली. १८५० च्या दशकापासून मुंबईचे मिशन जर्मन जेझुइटांकडे होते. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये त्यांनीच काढले. युद्ध सुरू होताच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, नजरकैदेत गेले, मायदेशी पाठवले गेले. १९१६ मध्ये आर्चबिशप युर्गेन्स वारले आणि जागा तीन वर्षे रिकामी राहिली. पोपला माणूस नेमायचा, तर तो इंग्रज सरकारला चालला पाहिजे आणि पोर्तुगालनेही कुरकुर करता कामा नये. १९१९ मध्ये आल्बन गुडिअर हे इंग्रज जेझुइट आले. पाद्रोआदोशी झगडून थकले आणि १९२६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मौज अशी की पोर्तुगालमध्ये १९१० मध्येच राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले होते. त्या सरकारने चर्चची मालमत्ता जप्त केली, साधूंना देशाबाहेर काढले. पण भारतातला राजाचा हक्क मात्र सोडला नाही. राजा गेला, हक्क राहिला!

१५ एप्रिल १९२८ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात पुन्हा करार झाला. दमणचे बिशपपीठ मोडले, वसई-साष्टी मुंबईत आली, दुहेरी अधिकार संपला. त्याची किंमत ठरली ती अशी, की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. बाजाराच्या दिवसासारखी पाळी! त्याप्रमाणे आधी जुवाकिं लिमा हे पोर्तुगीज जेझुइट आले. ते १९३६ मध्ये वारल्यावर पुढच्या वर्षी इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स यांची नेमणूक झाली. गांधीजींचे आंदोलन ऐन भरात असताना भारतातल्या एवढ्या मोठ्या शहराच्या धर्मप्रमुखपदावर भारतीय माणूस येऊ शकत नव्हता, कारण करारात त्याच्या नावाचा रकानाच नव्हता.

रॉबर्ट्स यांचे मोठेपण असे की त्यांना हे कळले. पुढची पाळी पोर्तुगीजाची आहे हे त्यांना ठाऊक होते आणि स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात ते शोभणार नाही हेही. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे त्यांचे साहाय्यक बिशप झाले. ग्रेशियस यांचा जन्म कराचीचा, आईवडील गोव्याचे. रॉबर्ट्स यांनी हळूहळू सगळा कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबईबाहेर राहिले. १९४८ मध्ये भारत आणि व्हॅटिकन यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. भारत प्रजासत्ताक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत, १८ जुलै १९५० रोजी, पोर्तुगालने भारताच्या प्रजासत्ताकातल्या बिशपांच्या नेमणुकीवरचा हक्क सोडला. त्याच वर्षी रॉबर्ट्स बाजूला झाले आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल. मातेउस द कास्त्रोंना गोव्याने नाकारले त्याला तोवर तीनशे वर्षे उलटून गेली होती.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. लिस्बनच्या सालाझार सरकारने हे मान्य केले नाही आणि रोमकडूनही त्यांची तशीच अपेक्षा होती. अशा वेळी पोप सहावे पॉल यांनी डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखारिस्त महासभेला येण्याचे जाहीर केले. पोप भारतात येण्याची ही पहिलीच वेळ. पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्याने हा आपल्या राष्ट्राचा विनाकारण अपमान आहे असे म्हटले आणि तिथल्या वृत्तपत्रांत या भेटीच्या बातम्यांवर सेन्सॉरची कात्री चालली. पोप आले. ओव्हल मैदानावर लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली ते सांगत की तशी गर्दी फार थोड्या वेळा झाली. येण्याच्या अवघ्या अकरा दिवस आधी, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, रोमच्या धर्मपरिषदेने इतर ख्रिस्ती चर्चशी ऐक्य शोधण्याचा ठराव मंजूर केला होता. मुंबईच्या मुक्कामात पोप इतर ख्रिस्ती पंथांच्या आणि ख्रिस्तीतर धर्मांच्या प्रतिनिधींनाही भेटले. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ च्या निवेदनात, रोमने मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला. एक अल्लाहची इबादत करणारे, ईसांना पैगंबर मानणारे आणि मरियमचा सन्मान करणारे, असा त्यात उल्लेख आहे. कार्ताझवरच्या चित्रांपासून या वाक्यापर्यंत यायला चारशे वर्षे लागली.

आमच्या विदर्भाला पाद्रोआदोची झळ लागली नाही. कामठीची छावणी आणि नागपूर इथे कॅथलिक मिशनरी आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, सव्हॉय प्रांतातून. नागपूरचे बिशपपीठ १८८७ चे. प्रॉटेस्टंटांच्या ऐक्याची मोठी घटना तर नागपुरातच घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ तिथे जन्मले. त्यासाठी चाळीस वर्षे वाटाघाटी चालल्या होत्या. कॅथलिक त्यात नव्हते.

कॅथलिकांत मात्र एक नवीच गोष्ट झाली. केरळचे सिरो-मलबार पंथाचे लोक पोपलाच मानतात, पण त्यांची उपासनेची रीत वेगळी आणि बिशप वेगळे. १९६२ मध्ये चांद्याला त्यांचे वेगळे क्षेत्र झाले. १९८८ मध्ये कल्याणला त्यांचे बिशपपीठ झाले आणि मुंबईत पुन्हा एकाच गल्लीतली दोन कॅथलिक घरे दोन बिशपांखाली आली. काही कुरबुरी झाल्या, कागदपत्रे रोमला गेली. पण या वेळी कोणी चर्चला वेढा घातला नाही. मला याचे एकच कारण दिसते: या वेळी दोन्ही बिशपांच्या मागे कोणाचे गलबत उभे नव्हते.

आल्व्हारिश ज्या चर्चमध्ये गेले, त्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चशी रोमने १९८९ मध्ये चर्चेसाठी संयुक्त आयोग नेमला. पंधराशे वर्षांपूर्वी दोन्ही परंपरा ज्या प्रश्नावरून वेगळ्या झाल्या, त्या ख्रिस्ताच्या स्वरूपाच्या प्रश्नावर आपली श्रद्धा मुळात एकच आहे, असे संयुक्त निवेदन ३ जून १९९० रोजी निघाले. एकमेकांची लग्ने आणि एकमेकांच्या दफनभूमी हे विषय त्या चर्चांत पुढे येत राहिले. आल्व्हारिश यांच्या अस्थी सांत इनेजच्या त्या कोपऱ्यातून काढून रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ठेवलेल्या आहेत. दर सप्टेंबरला तिथे त्यांचा स्मृतिदिन होतो.